बर आहे

काकांच्या डाव्या हातावर केस नव्हते. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत दाट केसांचा, आणि डावा मात्र न्हाव्याने नुकताच साफ करून दिल्यासारखा. कॅनडात, रेजिनातल्या मराठी मंडळाच्या गणपतीला ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येत, पण आरतीला टाळ्या वाजवताना बाही मागे सरकायची आणि नव्याने आलेल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. कुणी म्हणायचं लहानपणी भाजलंय, कुणी म्हणायचं त्वचेचं काहीतरी आहे. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला जाणार हे कळल्यावर एकीने मला बाजूला घेऊन टॉवेल वेगळा ठेव म्हणून बजावलं होतं.

खरं कारण मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. मी सामान लावत होते आणि भिंतीपलीकडून आवाज येत होता. खस्स, खस्स, खस्स. मग थोडा वेळ काही नाही. मग एका पुरुषाचा समाधानी आवाज, "बर आहे." आणि परत खस्स, खस्स. मी नागपूरची, सहसा घाबरत नाही, पण परक्या गावात, बेसमेंटमध्ये, नोकरीचा पहिला दिवस उजाडायच्या आधीच काही होऊ नये एवढी काळजी मलाही होती. मी पिशवीतलं लाटणं काढलं आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या खोलीचं दार वाजवलं.

आत घरमालक स्टुलावर बसले होते. पुढ्यात तेल लावलेला दगड, आणि हातात पोलादाचं एक तिकोनी पातं, आपल्या करंजीएवढं. त्यांनी माझ्या लाटण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, हात दाखवा," ते म्हणाले.

का कोण जाणे, मी दाखवला. त्यांनी चष्मा वर करून माझं मनगट निरखलं आणि निराश होऊन परत दगडाकडे वळले. "छे. नुसती लव आहे."

ते पातं बाणाचं होतं. सस्कॅचवानमध्ये बंदुकीने हरणं मारणारे पुष्कळ आहेत, तसे धनुष्यबाणाने मारणारेही आहेत. बाणाच्या टोकाला असं पातं स्क्रूसारखं फिरवून बसवतात. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, बाण कापून मारतो. म्हणून सगळं काही धारेवर. काका ही पाती धार लावून देत. धार आली का बघायला हातावरचे केस काढून बघायचे; शिकारीचा हंगाम संपेस्तोवर काकांचा डावा हात संपलेला असायचा. मग घरात जो येईल त्याचा हात ते मागत. इंटरनेट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी आधी बाही वर करायला लावली आणि मगच राउटर दाखवला, हे मी स्वतः पाहिलंय.

यात चमत्कारिक काय, तर काका जन्माचे शाकाहारी. अंडं घातलेला केकसुद्धा नाही. साताऱ्याकडचे, तिकडे कुठल्याशा कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारं घडवत वाढलेले, मग इथे येऊन शेतीची यंत्रं बनवणाऱ्या फॅक्टरीत तीस वर्षं टूलरूमच सांभाळली. काकू गेल्यापासून एकटेच. धनुष्य त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की त्यांच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांनी लोणीही कापलं नसतं. मी एकदा वर जाऊन कोशिंबीर करायला घेतली तर टोमॅटो कापला न जाता फुटला. मी वैतागून म्हटलं, काका, जगाला धार लावून देता, या सुरीने काय पाप केलंय.

"टोमॅटोला दुखत नाही," काका म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस विक्षिप्त आहे खरा, पण त्याच्या विक्षिप्तपणाला आतून हिशेब आहे.

तो हिशेब कुठून आला हे त्यांनी मला एका जानेवारीत सांगितलं. बाहेर उणे पस्तीस होतं, दोघांनी मिळून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने काढला होता आणि चहा घेत बसलो होतो. फॅक्टरीत लागल्यावर दुसऱ्याच वर्षी पार्किंगच्या कुंपणाशी एक हरीण येऊन उभं राहिलं. मागच्या फऱ्यात बाण रुतलेला. ते पळालं नाही, पडलंही नाही. तीन दिवस शिफ्टला येता-जाता सगळ्यांनी ते पाहिलं. चौथ्या दिवशी कुणीतरी अधिकारी येऊन त्याला गोळी घालून घेऊन गेला. उपटून टाकलेला बाण तिथेच राहिला. काकांनी तो उचलला आणि जेवणाच्या सुट्टीत पात्यावरून अंगठा फिरवला. चमच्याची कड असावी तसं होतं, म्हणाले. त्यांना शिकाऱ्याचा राग आला नाही, पातं पाहून आला. टूलरूमच्या माणसाला असलं पातं हाताखालून जाऊ देणं माहीतच नव्हतं.

मंडळातल्या एका गृहस्थांनी त्यांना एकदा भर पंगतीत विचारलं होतं, की तुम्ही माळ न घालता माळकऱ्यासारखे राहता, मग या धंद्याचं पाप लागत नाही का. काकांनी ताटातली पुरी बाजूला ठेवून उत्तर दिलं, "मारणारा मारणारच आहे. माझ्या हातात एवढंच आहे, की किती वेळ."

त्यांचं काम मी किती वेळा पाहिलं असेल त्याला मोजमाप नाही. ऑफिसचं काम संपलं की मी लॅपटॉप मिटून भट्टीच्या खोलीत जाऊन बसायची. ते आधी पात्याच्या उताराला काळ्या मार्करने रंगवत, दगडावर एकदाच ओढत आणि शाई कुठे गेली, कुठे राहिली ते बघत. मग डोळे मिटत. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, पण डोळे त्यासाठी मिटत नसत. डोळे मध्ये येतात म्हणून मिटत. एका बाजूने वीस वेळा, दुसऱ्या बाजूने वीस वेळा, मग पंधरा, मग दहा, प्रत्येक वेळी हात हलका होत जाणारा. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पातं उलटं ओढत, इतकं हळू की मला ते टेकलंय की नाही हे दिसायचं नाही. मी संगणकावर काम करणारी बाई. माझी चूक झाली तर मी ती पुसते आणि परत करते. हा माणूस जे घासून काढत होता ते परत येणार नव्हतं, आणि तरी त्याचा हात कधी थबकला नाही. मला त्यांच्याबद्दल आदर वाटायचा म्हणणं कमी आहे. मला त्यांची भीती वाटायची, देवळात वाटते तशी.

काकांकडे येणारे शिकारी अकरा होते. त्याहून जास्त ते घेत नसत. सहा-सहा फुटी माणसं, बूट दारात काढून, टोप्या हातात घेऊन शाळकरी मुलांसारखी उभी राहत. नवा कोणी आला की काका एकच प्रश्न विचारत, "यू ईट?" शिंगं भिंतीवर लावायची आहेत असं म्हणणाऱ्या एकाला त्यांनी पाती न घेताच परत पाठवलं होतं. आणि त्या अकरांपैकी कुणीही पातं परत घेताना तपासत नसे. डबी खिशात टाकायची, थँक यू म्हणायचं आणि निघायचं. काकांच्या दारात धार बघणं म्हणजे जेवायला बसून आमटीचा वास घेऊन पाहण्यासारखं झालं असतं. काका बोलत नसत, पण या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. डबी न उघडता खिशात गेली की त्यांचा चेहरा उजळायचा.

आता त्या दिवसाचं.

खंडेनवमीला काका हत्याराला हात लावत नसत. आदल्या दिवशी सूर्य मावळला की काम जिथे असेल तिथे थांबायचं. कानस, दगड, चामड्याचा पट्टा, धार लावायला आलेली पाती, सगळं पुसून ताटात, त्यावर हळद-कुंकू, ग्रोसरीतून आणलेली शेवंती. पन्नास वर्षांत हा नेम मोडला नव्हता. त्या वर्षी सूर्य मावळला तेव्हा ग्लेनची तीन पाती दगडावर होती. ग्लेन म्हणजे अकरांतला सर्वांत जुना, तासाभराच्या अंतरावर दरीकाठी कॅनोलाची शेती करणारा, बोलायला कंजूष. पाती तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नेणार होता. काकांनी ती डबीत घातली, वर चिठ्ठी ठेवली आणि डबी ताटात ठेवून दिली.

खंडेनवमीला मंडळाच्या हॉलवर शस्त्रपूजेला काकांचा मान असे. जरीची टोपी घालून, सदऱ्यावर पार्का चढवून ते कुणाच्या तरी गाडीतून गेले. फोन नेहमीप्रमाणे घरीच. मी घरून काम करत होते. दुपारी बेल वाजली तर दारात ग्लेन. शिकारीला वारा आज बरोबर दिशेचा आहे, म्हणाला, पाती झाली असतील तर नेतो.

मी खाली गेले. ताटात डबी, डबीवर कुंकवाचं बोट, आणि चिठ्ठीवर काकांचं वळणदार अक्षर, "ग्लेन. ३. बर आहे." आता भिंतीपलीकडून हे दोन शब्द मी दोन वर्षं ऐकत होते. काका पात्यावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, बर आहे. जुनी माणसं अनुस्वार देत नाहीत हेही मला माहीत होतं. शिवाय पूजेत ठेवलेली वस्तू अर्धवट कशी असेल. तरी मी अगदीच बावळट नाही. एक पातं काढून कागदावर ओढून पाहिलं. कागद सर्रकन कापला गेला. मी डबी ग्लेनला दिली आणि कुंकू म्हणजे ब्लेसिंग असं समजावूनही सांगितलं. त्याने डबी न उघडता खिशात टाकली.

काका तीन वाजता आले. प्रसाद माझ्या हातावर ठेवला. मी उत्साहाने सांगितलं, ग्लेन येऊन गेला, त्याची पाती मी दिली.

"कुठली पाती?"

"ताटातली. तुम्ही लिहून ठेवलं होतं ना, बरं आहे म्हणून."

काका पार्का न काढताच वळले. खाली गेले, चिठ्ठी घेऊन वर आले आणि ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"बरं नाही, बाई," ते म्हणाले. "बर."

पातं दगडावर घासलं की धारेच्या कडेला पोलादाची केसाहून बारीक घडी उलटते. टूलरूममध्ये तिला बर म्हणतात. दोन वर्षं मी जे समाधान समजत होते ते समाधान नव्हतं. बर अजून आहे, काम अजून बाकी आहे, असं ते स्वतःला सांगत होते. आणि बर लबाड असते. ती केस कापते, कागद कापते, अंगठ्याला धारेसारखीच लागते. पण कातडीला आणि हाडाला भिडली की दुमडते, आणि मग पातं चमच्याच्या कडेसारखं होतं. तीन दिवस कुंपणाशी उभं राहिलेलं हरीण माझ्या डोळ्यांपुढे आलं.

ग्लेनचा फोन लागत नव्हता. काका परत खाली गेले. मी मागोमाग गेले तर ते ताटासमोर हात जोडून उभे होते. ओठ हलत होते. मग त्यांनी हळद-कुंकू लागलेला चामड्याचा पट्टा ताटातून उचलला आणि पार्काच्या खिशात घातला. "गाडी काढा," म्हणाले.

तासभर मी गाडी चालवली, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं. काका पट्टा मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या मनात एकच होतं, त्याने बाण सोडलेला नसू दे.

सोडला होता. आपल्या शेताच्या टोकाला ट्रकच्या मागच्या लाकडी फळीवर ग्लेन बसला होता. आम्हाला पाहून तो उठला. साडेतीनच्या सुमाराला हरीण आलं, म्हणाला, बाण बरगडीत लागला, पण जसं पडायला हवं होतं तसं ते पडलं नाही, झाडीत निघून गेलं. लगेच मागे लागलं तर जीव तोडून पळतं, म्हणून तो थांबला होता. बाण गवतात पडलेला सापडला होता. काकांनी तो मागून घेतला. अंड्याचा केक न खाणाऱ्या त्या माणसाने रक्ताने माखलेल्या पात्यावरून अंगठा फिरवला, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

"माय मिस्टेक," ते ग्लेनला म्हणाले. "नॉट फिनिश्ड. गिव्ह मी अदर टू."

ट्रकच्या फळीवर पट्टा ताणून त्यांनी एक टोक मला धरायला दिलं. धीर धरा, पट्टा हलतोय, असं ते दोनदा म्हणाले. डोळे मिटून त्यांनी ती दोन्ही पाती ओढली. पार्का, जरीची टोपी, कपाळावर गंध, आणि तोच हात, हलका, आणखी हलका. घाई होती, तरी एकही फेर कमी केला नाही. शेवटी पातं फळीच्या लाकडावर एकदा अलगद ओढलं आणि मग खिशातल्या पावतीवर. बर उरली असेल तर लाकडावर दुमडते आणि मग कागद अडतो, हे मला नंतर कळलं. पावती अडली नाही.

झाडीत आम्ही ग्लेनच्या मागे चाललो. रक्त फार थोडं होतं, एखाददुसऱ्या पानावर. काकांच्या पायात पूजेला घातलेले कातडी बूट होते, ते दर दहा पावलांना घसरत होते, पण थांबत नव्हते. ग्लेनने हात वर केला. पुढे पॉप्लरच्या झाडांखाली हरीण बसलं होतं. मान ताठ होती, कान हलत होते. आपल्याकडे गाय बसते तसं ते बसलं होतं, फक्त श्वास मोठ्याने येत होता. ग्लेन एकटा पुढे गेला. धनुष्याचा आवाज झाला, हरीण उठलं, आठ-दहा पावलं चाललं आणि पडलं. परत हललं नाही. पहिल्या बाणाने तासाहून जास्त वेळ जे केलं नव्हतं ते या बाणाने मी श्वास सोडायच्या आत केलं. अजून भरपूर उजेड होता.

काकांनी ग्लेनला वेळ विचारली. पहिल्या बाणापासून एक तास वीस मिनिटं. मग ते हरणाजवळ गेले, टोपी काढली आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "चुकलं आमचं." ग्लेनला मराठी येत नाही. त्यानेही टोपी काढली.

परतताना मी सगळं बोलून टाकलं. चूक माझी आहे, मी न विचारता दिलं, मी ग्लेनला फोन करून सांगते. काकांनी एवढंच विचारलं, चिठ्ठी कोणी लिहिली. तुम्ही, मी म्हटलं. "मग झालं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दसरा. मला वाटलं होतं ते दार लावून बसतील. सकाळी आठ वाजता त्यांनी वहीतून नंबर काढून उरलेल्या दहाही जणांना फोन लावले. प्रत्येकाला तेच वाक्य. ग्लेनचं पातं माझ्या घरातून खराब गेलं, एक हरीण, एक तास वीस मिनिटं, या हंगामात नेलेली सगळी पाती घेऊन या. दुपारपासून ड्राइव्हवेवर ट्रक लागले. काका फळी आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन गॅरेजच्या दारात बसले होते. एकेक पातं लाकडावर अलगद ओढायचं, मग कागदावर, आणि पुढच्याला ते स्वतः करून बघायला लावायचं. ती मोठी माणसं लाजत होती. एकाने म्हटलं, तुम्ही केलंय म्हणजे बघायला कशाला हवं. काकांनी फळी त्याच्यापुढे सरकवली.

मी चहा देत होते. दोन ट्रक गेल्यावर मला राहवलं नाही. मी पुढे होऊन इंग्लिशमध्ये सांगितलं की ती पाती मी दिली होती, यांची काही चूक नाही. काकांनी मला थांबवलं नाही. माझं बोलून झाल्यावर त्या माणसाला म्हणाले, "माय शॉप," आणि पुढची डबी उघडली.

संध्याकाळपर्यंत तीस-पस्तीस पाती तपासून झाली. एकही खराब निघालं नाही. निघणारच नव्हतं. मला रागच आला. आख्ख्या गावात ज्याच्या हाताचं नाव होतं त्याने ते स्वतःच्या हाताने मातीत घातलं होतं, आणि तेही माझ्यापायी. शेवटचा ट्रक गेल्यावर मी विचारलं, सगळी पाती चांगली आहेत हे तुम्हाला माहीत होतं, मग बोलावलं कशाला.

काका फळी पुसत होते. "पाती बघायला नव्हतं बोलावलं, बाई. माझ्यावर विश्वास होता म्हणून ते धार बघत नव्हते. आता बघतील."

पुढच्या शनिवारी ग्लेन आला. काकांनी नवी तीन पाती त्याच्या हातात दिली. त्याने डबी खिशाकडे नेली, थांबला, आणि मग उघडली. पायरीशी रचलेल्या सरपणातलं एक लाकूड उचललं, पातं त्यावरून ओढलं आणि माझ्याकडे कागद मागितला. त्या दारात आजवर कुणी हे केलं नव्हतं. ग्लेनचे कान लाल झाले होते. काका त्याच्या शेजारी येऊन वाकले, हात पाठीमागे बांधून, आणि शाळेतला निकाल ऐकायला उभं राहावं तसे त्या कागदाकडे बघत राहिले. कागद कापला गेला. ग्लेनने दुसरं पातं घेतलं, मग तिसरं, आणि तिसरं होईपर्यंत काका वाकलेलेच होते.